रविवारी भाजा, गुरुवारपर्यंत खा : न्याहारीसाठी बेक्ड ओटमील

कांदेपोहे, उपमा, घावन यांच्या चवीबद्दल कुणाचीच तक्रार नसते. अडचण वेळेची असते. हे पदार्थ कढईतून किंवा तव्यावरून थेट ताटलीत आले तरच त्यांची मजा. रात्री करून ठेवलेले पोहे सकाळी चिवट होतात, उपम्याचा गोळा होतो. म्हणून ज्या घरात सकाळी साडेसहाला शाळेची बस, साडेसातला लोकल आणि मध्येच कुणाचं ऑनलाइन मीटिंग असतं, तिथे आठवड्याच्या दिवसांसाठी वेगळ्या जातीचा पदार्थ हवा. दुसऱ्या दिवशी बिघडत नाही, उलट मुरतो, असा.

बेक्ड ओटमील हा असा पदार्थ आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जर्मन मुळांच्या आमिश आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांच्या शेतकरी कुटुंबांत तो रुजला. ओट्स, दूध, अंडी, ब्राउन शुगर आणि लोणी एका भांड्यात कालवायचं, भट्टीत भाजायचं आणि चौकोनी तुकडे कापून खायचं. पहाटे गोठ्यात जाणाऱ्या माणसांचं खाणं ते, त्यामुळे पारंपरिक कृतीत साखर आणि लोणी सढळ हाताने पडतं. खुर्चीत बसून काम करणाऱ्यांनी दोन्हीला कात्री लावायला हरकत नाही, चव बिघडत नाही.

बिघडते ती ओलाव्यात. मिश्रण कोरडं भाजलं तर दुसऱ्या दिवशी भुसा चावल्यासारखं लागतं, ओलं राहिलं तर मध्ये गिळगिळीत. ओट्स कोणते, दूध किती, कधी बाहेर काढायचं, डब्यात कसं ठेवायचं, कसं गरम करायचं, हे सगळं शेवटी ओलावा सांभाळण्याचंच काम आहे.

आधी ओट्सचं पाकीट वाचा

या पदार्थाला रोल्ड ओट्स लागतात, म्हणजे अख्खा दाणा वाफवून रुळाखाली दाबलेले, जाडसर, गोल पाकळ्यांचे. आपल्या किराणा दुकानात मात्र बहुतेक वेळा झटपट शिजणारे बारीक ओट्स मिळतात आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात नुसतं 'ओट्स' एवढंच असतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे मागची शिजवण्याची वेळ. दोन-तीन मिनिटं लिहिली असतील तर ते झटपट शिजणारे, सात-आठ किंवा जास्त लिहिली असतील तर रोल्ड. पाकिटातूनच बघता येत असेल तर पाकळी अख्खी आहे की चुरा, तेही दिसतं.

घरी झटपटवालेच असतील तर फेकू नका. दूध पाऊण करा आणि भाजण्याची वेळ आठ-दहा मिनिटांनी कमी करा. वडी थोडी मऊ, शिऱ्याच्या अंगाने जाणारी होते, लहान मुलांना ती आवडतेही. स्टील-कट ओट्स म्हणजे कापलेला कडक दाणा. तो या वेळात शिजत नाही, त्यामुळे या कृतीत नको. मसाला ओट्सची पाकिटं तर अजिबात नकोत.

साहित्य

हे माप २० सेंटिमीटरच्या, म्हणजे आठ इंची चौकोनी भांड्याचं आहे. नऊ इंची गोल केकच्या भांड्याचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच असतं, त्यामुळे तेही चालेल. सहा भरपूर तुकडे होतात.

रोल्ड ओट्स १८० ग्रॅम (मापाचे दोन कप)
दूध ४२० मिली (पावणेदोन कप)
अंडी २
पिकलेली केळी २ मध्यम, कुस्करून
गुळाची पावडर ५० ग्रॅम
साजूक तूप किंवा लोणी २ टेबलस्पून, शिवाय भांड्याला लावायला थोडं
अक्रोड, बदाम किंवा शेंगदाण्याचं भरड कूट ६० ग्रॅम
चिरलेलं फळ १ कप
बेकिंग पावडर १ टीस्पून
मीठ अर्धा टीस्पून
वेलची पूड अर्धा टीस्पून आणि किसलेलं जायफळ चिमूटभर

'कप' म्हणजे २४० मिलीचा मापाचा कप. घरातली आमटीची वाटी लहान असते आणि प्रत्येक घरात वेगळी असते, तिच्यावर विसंबू नका. किचन वजनकाटा असेल तर उत्तमच.

मीठ गाळायचा मोह होतो, गाळू नका. मिठाशिवाय ओट्सची चव पुठ्ठ्याच्या जवळ जाते आणि मग ती झाकायला गूळ वाढवावा लागतो. मसाल्यांत अमेरिकी कृती दालचिनी वापरते. माझं मत विचाराल तर गूळ आणि केळं असताना वेलची-जायफळ जास्त जमतं, अंड्याचा वासही त्यात विरून जातो. थंडीत पाव टीस्पून सुंठ घाला.

कृती

पहिलं काम ओट्स कोरडे भाजण्याचं. जाड बुडाच्या कढईत मंद आंचेवर पाच-सहा मिनिटं, खमंग वास येईपर्यंत हलवत राहा. रंग फार बदलायला नको. हे केलं नाही तरी पदार्थ होतो, पण रवा भाजण्याची सवय असलेल्या आपल्या हातांना ही पायरी जड नाही आणि चवीत पडणारा फरक मोठा आहे. ओट्स ताटात पसरून पूर्ण गार करा. गरम ओट्सवर दूध-अंडं पडलं तर अंडं कडेकडेने शिजतं.

मोठ्या पातेल्यात केळी कुस्करा. त्यात गूळ घालून चांगला घोटा, म्हणजे खडे राहत नाहीत. मग अंडी फोडून फेटा, गार दूध, पातळ केलेलं कोमट तूप, मीठ आणि मसाले घाला. दूध गारच हवं. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटतं, हे खिरीच्या अनुभवावरून सगळ्यांना माहीत आहे, इथेही नियम तोच.

आता ओट्स आणि अर्धे दाणे-अक्रोड घालून ढवळा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. घाईत ही पंधरा मिनिटं वगळली तर कोरडे ओट्स एकीकडे गोळा होतात, दूध-अंडं दुसरीकडे राहतं आणि भाजल्यावर वडीत दोन थर दिसतात. भिजलेलं मिश्रण मात्र एकसंध राहतं. दिसायला ते पातळच असेल, डावातून सहज ओघळेल इतकं. घट्ट वाटावं म्हणून ओट्स वाढवू नका, पुढचं दूध ते ओव्हनमध्ये पिणार आहेत.

तेवढ्यात ओव्हन १८० अंश सेल्सियसला तापत ठेवा आणि भांड्याला तूप लावून तळाशी बटर पेपर घाला. पंधरा मिनिटं झाली की बेकिंग पावडर गाळणीतून भुरभुरवून नीट मिसळा, फळाच्या फोडी घाला, भांड्यात ओता आणि उरलेले दाणे वर पसरा. पस्तीस ते चाळीस मिनिटं भाजा.

ओटीजी असेल तर वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, भांडं मधल्या रॅकवर. ओटीजीत मागची बाजू जास्त तापते, म्हणून पंचवीस मिनिटांनी भांडं फिरवा. वरचे दाणे आधीच काळपट व्हायला लागले तर वर फॉइल सैल टाका. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोडवर, ठेंगण्या रॅकवर ठेवा आणि पंखा असल्यामुळे तिसाव्या मिनिटालाच तपासा. परदेशातल्या ओव्हनवर हेच तापमान ३५० फॅरनहाइट. तिथे मिळणारं ९ बाय १३ इंची मोठं भांडं असेल तर सगळं साहित्य दुप्पट घ्या आणि वेळ पाच-दहा मिनिटांनी वाढवा.

कधी बाहेर काढायचं

कडा सुटलेल्या आणि सोनेरी, मध्यभाग हलवल्यावर किंचित थरथरणारा पण न वाहणारा, ही वेळ. मध्ये सुरी खुपसली तर तिला ओले ओट्स चिकटतील, ते चालतं. पांढरट दूध लागलं तर अजून पाच मिनिटं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७१ अंश पाहिजे, त्या तापमानाला अंडं सुरक्षित शिजलेलं असतं.

केक तपासताना आपण सुरी स्वच्छ येईपर्यंत थांबतो. इथे तितकं थांबलात तर उशीर झाला समजा. बाहेर काढल्यावरही ओट्स पाणी ओढत राहतात आणि पुढे गरम करताना आणखी थोडा ओलावा जाणार असतो. आज जराशी ओलसर वाटणारी वडी उद्या बरोबर लागते. लगेच खायची असेल तरी दहा-पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर तुकडा पडत नाही, चमच्याने खावं लागतं.

ठेवायचं कसं

भांडं जाळीवर ठेवून पूर्ण गार करा, मग कापा. गरम वडीवर झाकण लावलं की आतली वाफ थेंब होऊन वर पडते आणि दोन दिवसांत वरचा थर बुळबुळीत होतो. पण गार करायचं म्हणून रात्रभर ओट्यावरही ठेवू नका. दूध-अंड्याचा पदार्थ दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. खोलीत ३२ अंशांच्या वर उष्मा असेल, आणि विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये तो असतोच, तर तासाभरात. तुकडे करून पंख्याखाली पसरले तर लवकर गार होतात.

स्टीलच्या घट्ट डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवलं की तीन ते चार दिवस टिकतं. म्हणजे रविवारी संध्याकाळी केलेलं गुरुवारच्या सकाळपर्यंत. शुक्रवारसाठी हवं असेल तर ते तुकडे रविवारीच फ्रीजरमध्ये टाका. फ्रीजरमध्ये दोन महिने चव चांगली राहते. प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळा, एकत्र गोठवले तर सकाळी सुरी-हातोडी घ्यावी लागते. आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात आणून ठेवायचं, एवढंच लक्षात ठेवा.

वीज जाते तिथे एक हिशेब असू द्या. दार न उघडता फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज गेली असेल तर फ्रीजच्या कप्प्यातल्या वड्या टाकून दिलेल्या बऱ्या.

सकाळी गरम करताना

तुकड्यावर एक चमचा दूध शिंपडा, मायक्रोवेव्हमध्ये वाटी झाकून ४५ सेकंद ते एक मिनिट. मायक्रोवेव्ह नसेल तर तव्यावर थेंबभर तूप, तुकडा ठेवा, कडेने चमचाभर दूध सोडा, झाकण ठेवून मंद आंचेवर तीन-चार मिनिटं. ही दुसरी रीत मला जास्त आवडते, खालची बाजू कुरकुरीत होते. चारजणांचं एकदम करायचं असेल तर ओव्हनमध्ये १६० अंशांवर फॉइलखाली दहा-बारा मिनिटं, पण ओव्हन तापायचा वेळ त्यात धरा.

वरून दही, थोडं दूध किंवा ताजं फळ. उन्हाळ्यात गार तुकडाच दह्याबरोबर छान लागतो. छोट्या सुट्टीच्या डब्यात द्यायचा तर मफिनच्या साच्यात भाजा: बारा होतात, वेळ वीस-बावीस मिनिटं, कापाकापी नाही, चुरा नाही. डबा सकाळी भरून दोन तासांतच, कडक उन्हाळ्यात तासाभरातच, खाल्ला जाणार असेल तरच द्या.

रात्री कालवून सकाळी भाजायचं असेल तर

काही घरांत सकाळी घाई असली तरी तासभर हाताशी असतो, फक्त ओट्यापाशी उभं राहायला कुणी मोकळं नसतं. त्यांनी रात्री मिश्रण कालवून फ्रीजमध्ये ठेवावं आणि उठल्याबरोबर ओव्हन लावावा. अंघोळी होईपर्यंत न्याहारी तयार. रात्रभर भिजल्यामुळे वडी जास्त मऊ, खिरीसारखी सलग होते.

यात तीन गोष्टी सांभाळा. बेकिंग पावडर सकाळीच घाला, रात्री घातली तर ओल्या मिश्रणात तिचा जोर निघून जातो. दूध चार-पाच टेबलस्पून जास्त घ्या. आणि मिश्रण काचेच्या भांड्यात ठेवलं असेल तर ते फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका. तापमानाच्या झटक्याने काच तडकते, ओव्हनसाठीची असली तरी. पातेल्यात भिजवा आणि सकाळी धातूच्या भांड्यात ओता, प्रश्नच मिटतो.

फळं

केळं कायमचं. बाकी हंगामाप्रमाणे. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पण ती पाणी सोडते, म्हणून एक कपासाठी दूध दोन-तीन टेबलस्पून कमी करा. घोलवडचे चिकू असतील तर गूळ निम्मा करा, भाजल्यावर चिकू आणखी गोड लागतो. पुरंदरचे अंजीर चौकोनी चिरून वरून लावले तर दिसायलाही देखणं. सफरचंद किसून न घालता बारीक फोडी करा. हापूसच्या दिवसांत मी तो भाजायच्या भानगडीत पडत नाही, गरम वडीवर ताज्या फोडी घालते. भाजलेल्या हापूसचा वास अर्धा उडून जातो, मग उपयोग काय?

कच्चा अननस, पपई आणि किवी मात्र भिजत घालायच्या मिश्रणात नकोत. त्यातली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि रात्रभरात मिश्रण कडवट होतं. अननस हवाच असेल तर गुळात दहा मिनिटं शिजवून घ्या, मग त्रास देत नाही. डाळिंबाचे दाणे भाजून कडक होतात, ते वरून.

अंडं न खाणाऱ्या घरांसाठी

दोन अंड्यांऐवजी दोन टेबलस्पून जवसाची पूड सहा टेबलस्पून पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा, ती चिकट होते. चटणीसाठी भाजतो तसं जवस हलकं भाजून मगच दळा आणि पूड थोडीच करा, ठेवली की खवट होते. अंड्याविना केलेली वडी गरम असताना मोडते. त्यामुळे ती पूर्ण गार करून, शक्य तर फ्रीजमध्ये तासभर ठेवून कापा.

पौष्टिक म्हणजे नेमकं किती

वरच्या मापातल्या सहापैकी एका तुकड्यात अंदाजे ३५० कॅलरी, १० ग्रॅम प्रथिनं आणि ४० ग्रॅम कर्बोदकं येतात. ओट्सचं खरं भांडवल म्हणजे बीटा-ग्लुकान हा विद्राव्य तंतू. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, आणि याच आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटांवर तसा दावा करायला परवानगी दिली. एका तुकड्यातल्या ३० ग्रॅम ओट्समधून त्यातला साधारण ४० टक्के वाटा मिळतो. चांगला आहे, पण एकट्या न्याहारीने काम भागत नाही.

गुळाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. गूळ घातला म्हणून पदार्थ 'शुगर-फ्री' होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात गूळ, मध, साखर सगळं एकाच रकान्यात, वरून घातलेल्या साखरेत येतं. दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, ही तिची शिफारस. प्रौढांसाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. आपल्या एका तुकड्यात गूळ ८ ग्रॅम येतो. केळी चांगली काळ्या ठिपक्यांची असतील तर तोही निम्मा करता येतो. दर खेपेला थोडाथोडा कमी केला तर घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. मधुमेह असलेल्यांनी गूळ वगळावा, केळं एकच घ्यावं, दाणे वाढवावेत आणि ओट्समध्येही पिष्ट असतं हे धरून तुकडा लहान घ्यावा.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी बदाम-अक्रोड अख्खे किंवा मोठे तुकडे नकोत, घशात अडकतात. त्यांची पूडच करा. गुळाऐवजी मध वापरलात तर एक वर्षाखालच्या बाळाला ते देऊ नका. सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न चालणारा आजार, असेल तर 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलेच ओट्स घ्या, कारण साध्या ओट्समध्ये बहुधा गव्हाची भेसळ आलेली असते.

ओव्हन नाही? आप्पेपात्र आहे ना

निम्म्या मापाचं मिश्रण अर्धा तास भिजवा, फळ बारीक चिरा. तापलेल्या आप्पेपात्रात थेंब-थेंब तूप, मिश्रण काठापासून थोडं खाली, झाकण, मंद आंच. सात-आठ मिनिटांनी उलटा, दुसरी बाजू तीन-चार मिनिटं. दोन-तीन घाणे निघतात. गुळामुळे लवकर करपतं, म्हणून आंच खरोखर मंद हवी. हे आप्पेही फ्रीजमध्ये तितकेच दिवस टिकतात.

गोड नकोच असेल तर

केळी, गूळ, फळ, वेलची काढा. अंडी तीन करा. त्यात तेलावर परतलेला एक कांदा, किसलेलं गाजर, बारीक चिरलेली सिमला मिरची, १०० ग्रॅम किसलेलं पनीर, हिरवी मिरची, जिरं, हळद, कोथिंबीर घाला आणि मीठ पाऊण टीस्पून करा. दुधी घालायचा तर किसून घट्ट पिळून घ्या. वेळ आणि तापमान तेच. कापून, तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करून, बरोबर लसणाची चटणी. भाज्यांच्या पाण्यामुळे हा प्रकार गोडापेक्षा लवकर उतरतो, तो तीन दिवसांतच संपवा, आणि फ्रीजरमध्ये घालू नका, पनीर भुरभुरीत होतं.